आकाशवाणी परदेशी होती तेव्हा

गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पर्यंत आकाशवाणी हे परदेशी केंद्र होते. फोंड्यात किंवा डिचोलीत रेडिओचा आवाज बारीक करून मुंबईच्या बातम्या ऐकणारा माणूस सरकारच्या लेखी दुसऱ्या देशाचा, त्यातही शत्रू मानलेल्या देशाचा प्रचार ऐकत होता. त्याचे स्वतःचे केंद्र म्हणजे पणजीची ‘एमिसोरा दि गोवा’, आणि गोवा हा पोर्तुगालचाच समुद्रापलीकडचा प्रांत आहे, हे त्या केंद्राचे पालुपद. घरचे केंद्र खोटे आणि परके केंद्र खरे, असे सूत्र मला यातून काढायचे नाही. आकाशवाणीही तेव्हा दिल्ली सरकारच्याच हुकमात होती. पण बातमी देणारा परका की आपला, हे ऐकणारा ठरवत नाही, राज्य करणारा ठरवतो, एवढे या उदाहरणात लख्ख दिसते. राज्य बदलले आणि एका रात्रीत आकाशवाणी आपली झाली. ऐकणारे कान तेच होते.

हे आज आठवायचे कारण परदेशी वृत्तवाहिन्यांविषयी आपल्याकडे सध्या जे बोलले जाते ते. बीबीसीने, अल जझीराने किंवा न्यूयॉर्क टाइम्सने भारताविषयी काही बोचरे दाखवले-छापले की म्हापशाच्या बाजारातल्या कुठल्याही हॉटेलात पातळ भाजीबरोबर तीच तीन वाक्ये ऐकू येतात. यांना भारताची प्रगती बघवत नाही. यांना पैसा कोण पुरवतो ते बघा. यांना आधी हाकलून द्या. पहिले वाक्य कधीकधी खरे असते. दुसरा प्रश्न तर कुठल्याही वृत्तसंस्थेला विचारलाच पाहिजे. तिसरे वाक्य मात्र पहिल्या दोहोंतून निघत नाही, आणि माझा वाद त्या तिसऱ्याशी आहे.

भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात उतरला, ही गोष्ट आपण पाहुण्यांना हौसेने सांगतो. अठराव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगीज सरकारने इथली छपाईच बंद केली आणि ती १८२१ पर्यंत बंद राहिली, हे सहसा सांगत नाही. छापखाना पुन्हा सुरू झाला तो सरकारी ‘गाझेटा दि गोवा’ छापण्यासाठी. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले तेव्हा थोडा मोकळेपणा आला, मराठी नियतकालिके जोमाने निघू लागली, हेगडे देसाई यांच्या ‘भारत’सारखे पत्र अंगावर खटले घेत सरकारशी भांडत राहिले. मग पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा काळ आला. मजकूर आधी सेन्सॉरला दाखवायचा, त्याचा शिक्का घ्यायचा आणि मगच यंत्रावर चढवायचा. लग्नपत्रिकासुद्धा त्या शिक्क्यातून सुटत नसे, असे त्या पिढीतले लोक सांगत. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली. त्या लढ्याची पहिली मागणी नागरी स्वातंत्र्याची होती: सभा घेऊ द्या, बोलू द्या, छापू द्या. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकले.

आणि मग २५ नोव्हेंबर १९५५ पासून सीमेपलीकडच्या जंगलातून एक आवाज येऊ लागला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालवलेले ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’ हे गुप्त रेडिओ केंद्र कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत गोव्याशी बोलत होते. एमिसोराने सांगितलेले खोडून काढायचे, सेन्सॉरने दाबलेले सांगायचे, हे काम ते दोघे सहा वर्षे करत राहिले. मुक्तीच्या दिवशी भारतीय हवाई दलाच्या विमानातून, ध्वनिक्षेपकावरून, त्यांनीच गोवा मुक्त झाल्याची घोषणा केली. लिबिया लोबो-सरदेसाई यांना २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने त्यांचे फोटो एकमेकांना पाठवले. त्या फोटोंखाली एक गोष्ट लिहायची राहून गेली. ते केंद्र निष्पक्ष नव्हते. ते सालाझारची बाजू मांडत नव्हते, चर्चेला दोन्हीकडचे पाहुणे बोलावत नव्हते. त्याला एक बाजू होती आणि ती ते लपवत नव्हते. शिवाय गोव्याच्या तत्कालीन कायद्याप्रमाणे ते परक्या भूमीवरून, परक्या सरकारच्या आसऱ्याने चाललेले केंद्र होते. पक्षपाती आणि परदेशी या दोन आरोपांवर वाहिनी बंद करायची असेल, तर सालाझारला ते केंद्र बंद करण्याचे दोन्ही आधार होते. तरी आपण त्याला देशसेवा म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. कारण ऐकणाऱ्याला त्याच्यामुळे असे काही कळत होते जे एरवी कळले नसते.

परदेशी माध्यमांवरचा पक्षपाताचा आरोप मला पुरता मान्य आहे, त्यात मी घासाघीस करणार नाही. गोव्याइतका त्याचा अनुभव कोणाला असेल? १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय फौजा गोव्यात शिरल्या आणि साडेचार शतकांची वसाहत मोडीत निघू लागली, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात भारताला आक्रमक ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी ही संयुक्त राष्ट्रांच्या अंताची सुरुवात ठरेल अशा थाटाचे भाषण केले. माघार घ्या असा ठराव सात विरुद्ध चार मतांचा होता. सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून तो पडला. साडेचारशे वर्षे गोव्यात काय चालले होते याविषयी त्या अग्रलेखकांना एवढी तळमळ कधी वाटली नव्हती. त्यांना नेहरूंच्या अहिंसेतली विसंगती दिसली, पेनिशचा किल्ला दिसला नाही.

पण त्याच आठवड्यात लिस्बनची वृत्तपत्रे काय छापत होती? भारतीय विमानांच्या पहिल्या लक्ष्यांत बांबोळीचे बिनतारी केंद्र होते, ते पडताच लिस्बनचा गोव्याशी संपर्क तुटला. बातमी येईना, म्हणून ती रचली गेली. गोव्यात जेमतेम दीड दिवसात शरणागती झाली असताना लिस्बनच्या वाचकाला कडव्या झुंजीची वर्णने वाचायला मिळाली. त्या बिचाऱ्या वाचकाला खरे काय ते हवे असेल तर परदेशी रेडिओच लावावा लागत होता. परदेशी पत्रकार त्याच्या सरकारचे मित्र असोत की शत्रू, निदान शरणागती झाली हे तरी सांगत होते.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणत असेल तर त्याने मे २०२५ मधल्या रात्री आठवाव्यात. ऑपरेशन सिंदूरच्या त्या दिवसांत, ८ आणि ९ मेच्या सुमारास, आपल्या मोठमोठ्या राष्ट्रीय वाहिन्यांनी कराचीचे बंदर उद्ध्वस्त केले, इस्लामाबादपर्यंत सैन्य नेले, सायरन वाजवून वाजवून विजय साजरा केला. यातले काही घडले नव्हते. ज्या राज्यात दाबोळीला नौदलाचा तळ आहे, जिथे वास्कोतली कितीतरी कुटुंबे त्या तळावर पोट भरतात, तिथे रात्री अकरा वाजता असल्या बातम्या बघून माणसाने काय करायचे? सामान बांधायचे की फटाके आणायचे? दुसऱ्या दिवशी बहुतेक वाहिन्या काही न बोलता पुढच्या विषयाकडे वळल्या. त्या दिवसांत बीबीसी किंवा रॉयटर्सचा मजकूर वाचणाऱ्याला निदान ‘याला दुजोरा मिळालेला नाही’ हे वाक्य तरी वाचायला मिळत होते. देशभक्तीच्या परीक्षेत हे वाक्य नापास होते, पण मुलगा नौदलात असलेल्या आईला तेच हवे असते.

म्हणून परदेशी माध्यमे शहाणी ठरतात असेही नाही. इराकमध्ये संहारक अस्त्रे आहेत या भ्रमाला न्यूयॉर्क टाइम्सने हातभार लावला आणि २००४ मध्ये त्यांच्या संपादकांनाच ते कबूल करावे लागले. बीबीसीच्या मार्टिन बशीर यांनी राजकन्या डायना यांची १९९५ ची मुलाखत फसवणूक करून मिळवली होती, असे २०२१ च्या चौकशीत निघाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या भाषणाच्या संपादनावरून बीबीसीच्या महासंचालकांना राजीनामा द्यावा लागला. रूपर्ट मरडॉक यांनी १९९४ मध्ये स्टारच्या चीनकडच्या प्रक्षेपणातून बीबीसीच काढून टाकली, बीजिंग नाराज होऊ नये म्हणून. तो व्यवहार होता, त्यात विचारसरणीचा संबंध नव्हता. ही यादी हवी तेवढी लांबवता येईल. पण यातल्या बहुतेक गोष्टी आपल्याला कळल्या कशा? त्यांच्याच देशातल्या दुसऱ्या वृत्तपत्रांनी आणि चौकशी समित्यांनी त्या बाहेर काढल्या. मेच्या त्या रात्रींसाठी आपल्याकडे कोणत्या संपादकाने राजीनामा दिला, हे मला कोणी सांगावे.

गोव्यातल्या माणसाला हा प्रश्न सर्वांत जवळून भेटला तो फेब्रुवारी २००८ मध्ये. हणजुणे किनाऱ्यावर १५ वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. पोलिसांनी आधी बुडून मृत्यू म्हटले. आईने ऐकले नाही, ती गोव्यात ठाण मांडून बसली, ब्रिटिश वृत्तपत्रे आणि वाहिन्या तिच्यामागे आल्या. दुसऱ्यांदा शवविच्छेदन झाले, अंगावर जखमा असल्याचे निघाले आणि प्रकरण खुनाचे झाले. पुढे तपास सीबीआयकडे गेला. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडले, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यातल्या एकाला दोषी धरून १० वर्षांची शिक्षा दिली.

त्या काळातले आपले बोलणे मला चांगले आठवते. गोव्याची बदनामी चालली आहे, पर्यटन बुडणार, आई कसली आणि मुलीला एकटे सोडलेच कसे, वगैरे. ब्रिटिश टॅब्लॉइड्सनी गोवा म्हणजे अमली पदार्थ आणि मुडदे एवढेच चित्र रंगवले, हे खरेच होते. साखळीची, काणकोणची, शेती करणारी, नाटकांच्या तालमी करणारी, जत्रेला जाणारी माणसे त्या चित्रात कुठेच नव्हती. पण त्यांचे कॅमेरे आले नसते तर? तर ते प्रकरण बुडून मृत्यू म्हणूनच फायलीत गेले असते, याबद्दल गोव्यात राहणाऱ्या कोणाच्या मनात शंका असेल असे मला वाटत नाही. त्या वार्तांकनात पूर्वग्रह होता आणि त्यानेच एका मुलीच्या मृत्यूचा तपास करायला भाग पाडले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता याची दुसरी बाजू, जी मला अधिक टोचते. एप्रिल २००९ मध्ये, म्हणजे त्या घटनेनंतर सव्वा वर्षाच्या आत, फोंडा तालुक्यातल्या एका माणसाला अटक झाली. लग्नाचे आमिष दाखवून गरीब घरांतल्या मुलींना बोलवायचे, दुपट्ट्याने गळा आवळायचा आणि अंगावरचे दागिने काढून घ्यायचे, असे तो १९९४ पासून करत आला होता. त्याच्यावर सोळा खुनांचा आरोप झाला. पंधरा वर्षे! मुली बेपत्ता होत होत्या, घरचे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढत होते, आणि त्या सगळ्या तुटक घटनांना कोणी एकत्र बांधले नाही. परदेशी वाहिन्यांचे सोडा, त्यांना फोंडा ठाऊक नव्हता. आपल्या मराठी, कोकणी, इंग्रजी पत्रांनाही ते दिसले नाही. गोऱ्या मुलीची बातमी जगाची झाली आणि फोंड्यातल्या मुलींची स्थानिकसुद्धा झाली नाही. माध्यमांचा खरा पक्षपात काय दाखवले यात थोडा असतो, काय दाखवलेच नाही यात फार असतो. आणि जे दाखवलेच नाही, त्यावर बंदीचा इलाज कसा चालणार? त्यावर उपाय एकच, बघणारे डोळे वाढले पाहिजेत. इथले, मुंबईचे, लंडनचे, दोहाचे, कुठलेही.

घरच्या माध्यमांकडे वळलोच आहे तर मालकीचाही विषय होऊन जाऊ दे. मुक्तीनंतर गोव्यात मराठी दैनिक उभे राहिले ते खाणीच्या पैशावर. मार्च १९६२ मध्ये ‘गोमन्तक’ निघाला तो चौगुले यांचा, १९६३ चा इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’ आणि १९७० चा ‘नवप्रभा’ धेंपे यांचे. या घराण्यांनी मराठी वृत्तपत्रसृष्टी इथे रुजवली, लेखक घडवले, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण २०१२ मध्ये बेकायदा खाणींविषयी शहा आयोगाचा अहवाल आला, खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केले, या सगळ्या काळात खाणींविषयीचे वाचन गोंयकाराने मालकाचे नाव लक्षात ठेवूनच केले. मासळी घेताना बांगड्याचा कल्ला उचलून पाहावा तसे. त्यासाठी कोणी वृत्तपत्र बंद पाडायची मागणी केली नाही.

१९६७ चा सार्वमत कौल तर याहून बोलका आहे. ‘गोमन्तक’ महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने उभा होता, मराठीतच निघणारा ‘राष्ट्रमत’ कडाडून विरोधात, आणि त्यातले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर रोज सकाळी घराघरात भांडण लावत होते. दोघांपैकी कोणीही तटस्थ नव्हते. लोक एक वाचत आणि शेजाऱ्याकडचे दुसरे मागून आणत, शिव्या घालत आणि वाचत. १६ जानेवारीला मतदान झाले, विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मते पडली, बाजूने १,३८,१७०. विलीनीकरणवादी मराठी माणसाच्या मनाला तो निकाल आजही खुपतो, मी अशी घरे ओळखतो. पण पक्षपाती वृत्तपत्रांनी आमची दिशाभूल केली म्हणून कौल रद्द करा, असे कोणी गंभीरपणे म्हटले नाही. त्या वाचकाला आपण आजच्यापेक्षा जास्त मोठा माणूस मानत होतो.

कायद्यात हा वाचक कुठे आहे? राज्यघटनेच्या कलम १९ ने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य नागरिकांना दिले आहे. बीबीसी किंवा अल जझीरा भारताचे नागरिक नाहीत, त्यामुळे त्यांना हा हक्क नाही, असा युक्तिवाद हटकून होतो आणि तो चुकीचा नाही. पण १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सांगितले की ध्वनिलहरी सरकारच्या मालकीच्या नाहीत, त्या जनतेच्या आहेत, आणि माहिती मिळवण्याचा हक्क हा अभिव्यक्तीच्या हक्काचाच भाग आहे. गंमत अशी की हा खटला उभा राहिला होता १९९३ च्या हिरो कपवरून, संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले आणि दूरदर्शनने आडकाठी केली म्हणून. क्रिकेट बघण्याच्या निमित्ताने का होईना, हक्क मिळाला तो बघणाऱ्याला. परदेशी वाहिनी बंद होते तेव्हा वाहिनीचे धंद्याचे नुकसान होते. हक्क जातो तो म्हापशात चहा पीत ‘बंद करा’ म्हणणाऱ्याचा.

अर्थात बंदी उघड घातली जाते असेही आता क्वचितच होते. एप्रिल २०१५ मध्ये काश्मीरचा चुकीचा नकाशा दाखवल्याबद्दल अल जझीराचे प्रक्षेपण पाच दिवस बंद केले गेले. निदान त्यात आरोप काय, शिक्षा किती, हे सांगितले गेले होते. मला ती शिक्षा जास्त वाटली तरी कायद्याची चौकट दिसत होती. जानेवारी २०२३ मध्ये बीबीसीचा गुजरात दंगलींसंबंधीचा माहितीपट आला तेव्हा तो भारतात प्रक्षेपित झालाच नव्हता. माहिती तंत्रज्ञान नियमांतले तातडीचे अधिकार वापरून त्याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवरून काढायला लावल्या गेल्या. काही आठवड्यांत, १४ फेब्रुवारीला, दिल्ली आणि मुंबईच्या कार्यालयांत प्राप्तिकर खात्याचे सर्वेक्षण सुरू झाले. कर चुकवला असेल तर वसूल व्हायलाच हवा. पण वेळ कोणी निवडली हा प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणायची गरज नव्हती. त्याच महिन्यात बीबीसीवर भारतात संपूर्ण बंदी घाला अशी एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने ती तिथल्या तिथे फेटाळली, हे आपल्या चर्चांमध्ये फारसे आले नाही. डिजिटल बातम्यांत परदेशी गुंतवणूक २६ टक्क्यांपर्यंतच, या नियमामुळे बीबीसीच्या भारतीय भाषांच्या सेवा, मराठीसकट, एप्रिल २०२४ पासून भारतीयांच्या मालकीची एक कंपनी चालवते. म्हणजे आज बीबीसी मराठीवर ‘गोरे आम्हाला शिकवतात’ म्हणून चिडणारा माणूस आपल्याच मराठी मुलामुलींनी, भारतीय कंपनीत बसून लिहिलेले वाचून चिडत असतो.

या बाबतीत पश्चिमेचे पाय मातीचेच आहेत, हेही सांगून टाकतो. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर युरोपीय संघाने रशियाच्या आरटी या सरकारी वाहिनीवर बंदी घातली, ब्रिटनने तिचा परवाना काढून घेतला. त्याआधीच जर्मनीने आरटीची जर्मन वाहिनी रोखली, तर दुसऱ्याच दिवशी रशियाने डॉइचे वेले या जर्मन वृत्तसंस्थेचे मॉस्को कार्यालय बंद केले. आरटी प्रचारच करते यात वाद नाही. तरी बंदीने झाले काय? रशियातल्या श्रोत्याकडून बाहेरचा एक आवाज गेला आणि तो घालवणाऱ्याला आयते निमित्त मिळाले. मला ग्लोबल टाइम्स वाचायचा असतो, कारण चीनचे सरकार आपल्याविषयी काय म्हणू इच्छिते ते तिथे कळते. मे २०२५ मध्ये त्याचे एक्सवरचे खाते भारतात काही काळ बंद होते. त्यातला प्रचार ओळखण्याइतकी अक्कल मला असावी असे मानायला सरकारची काय हरकत आहे?

सीमारेषा नसावी असे मी म्हणत नाही. सैन्याच्या हालचाली थेट दाखवणे गुन्हाच मानला पाहिजे. २६/११ ला मुंबईत ते घडले, सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या निकालात त्यावर कडक ताशेरे ओढले आणि २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण नियमाने बंद झाले. न्यायालयाचा तो रोख आपल्याच वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर होता. तो नियम मला योग्य वाटतो, कारण तो काय आणि कधी दाखवू नये ते सांगतो. कोणी दाखवले हे विचारत नाही.

लोकांच्या मनाचे काय? गोव्यातले मन याबाबतीत दुटप्पी आहे आणि त्याला कारणही आहे. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले तेव्हा ज्यांची माणसे तिकडे होती, त्या घरांत शॉर्टवेव्हला कान लावून बीबीसी ऐकली जात होती. २०२० च्या टाळेबंदीत जहाजांवर अडकलेल्या गोंयकार तारवट्यांच्या घरचे कोणत्या बंदराने परवानगी दिली ते परदेशी संकेतस्थळांवर शोधत होते. ब्रिटनमधल्या स्विंडनमध्ये आज एवढे गोंयकार राहतात की तिथल्या निवडणुकीची बातमी बार्देस-सासष्टीत चवीने वाचली जाते. आपल्या माणसाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला की विश्वास परदेशी बातमीवर. देशाच्या प्रतिष्ठेचा आला की तीच बातमी कटकारस्थान. मला यात ढोंग दिसत नाही, दुखरेपणा दिसतो. बाहेरच्याने घरातली घाण दाखवली की राग येतोच. फक्त त्या रागाचा कायदा होऊ नये.

कारण तो कायदा परदेशी माणसापाशी थांबत नाही. २०१८ मध्ये जिवाला धोका असल्याच्या माहितीवरून दामोदर मावजो यांना पोलीस संरक्षण द्यावे लागले. ते माजोर्ड्याचे, कोकणीत लिहिणारे, पुढे ज्ञानपीठ मिळालेले लेखक. मार्च २०२५ मध्ये शिवकालीन गोव्याविषयी मुख्यमंत्र्यांनी केलेल्या विधानाला उदय भेंब्रे यांनी एका व्हिडिओतून आव्हान दिले. हे तेच ‘ब्रह्मास्त्र’वाले भेंब्रे, आता ऐंशी ओलांडलेले. बजरंग दलाचे कार्यकर्ते रात्री त्यांच्या मडगावच्या घरी गेले, माफी मागा म्हणाले. भेंब्रे यांचे इतिहासाचे म्हणणे चुकीचे असू शकते. शिवछत्रपतींवर प्रेम करणाऱ्या मराठी माणसाला ते खटकणे मी समजू शकतो, मलाही त्यातले सगळे पटलेले नाही. त्याला उत्तर कागदपत्रांनी द्यायचे असते आणि काहींनी तसे दिलेही. घराच्या दारात जमाव नेणाऱ्यांना मात्र परदेशी वाहिनीचा बहाणाही लागला नाही. आधी परक्याला गप्प करायची सवय लागते, मग घरातला कोण परका हे ठरवायला फार वेळ लागत नाही.

मागणी काय करायची हे मला स्पष्ट दिसते आणि ती फार मोठी नाही. २००९ च्या ब्लॉकिंग नियमांतला सोळावा नियम सांगतो की संकेतस्थळ किंवा खाते बंद करण्याच्या आदेशाबाबत गुप्तता पाळायची. हा नियम जायला हवा. बंद केले, तर कोणत्या कलमाखाली, कोणत्या मजकुरामुळे आणि किती दिवसांसाठी, हे सगळ्यांना वाचता येईल असे प्रसिद्ध करा. परदेशी संस्थेला न्यायालयात जायचे तर ती जाईल. पण मुख्यतः मला, वाचकाला, ते कळले पाहिजे, म्हणजे मला ते पटले नाही तर मी दाद मागू शकेन. जुलै २०२५ मध्ये रॉयटर्सचे एक्सवरचे मुख्य खाते भारतात अचानक दिसेनासे झाले. सरकार म्हणाले, ते रोखण्याची आम्हाला गरज नव्हती. एक्स म्हणाले, आम्हाला सरकारचा आदेश होता. जवळपास दिवसभराने खाते परत दिसू लागले. आदेश कोणी काढला, त्यात कारण काय लिहिले होते, तो कागद आजही कोणा वाचकाच्या हातात नाही.